जुन्या गाडीचा हीटर ब्लोअर बंद पडला तर: मोटर खोलण्याआधी काय तपासायचं, खोलल्यावर काय करायचं

ब्लोअर बंद पडला की पहिला संशय मोटरीवर जातो आणि बरेचदा ती निर्दोष निघते. मोटर पन्नास वर्षांची असली तरी आतून साधी असते: एक आर्मेचर (तारा गुंडाळलेला फिरणारा भाग), त्याला करंट देणारे दोन कार्बन ब्रश, आणि शाफ्टला आधार द्यायला दोन टोकांना दोन बुश. तिच्यापर्यंत करंट नेणाऱ्या वाटेवर मात्र बिघडण्यासारख्या जागा खूप. बॅटरी, इग्निशन स्विच, फ्यूज, ब्लोअरचा स्विच, वेग कमी करणारा रेझिस्टर, मधले दोन-चार जोड, मग मोटर आणि तिथून बॉडीवर अर्थ, म्हणजे करंट बॅटरीकडे परत जायची वाट. यातल्या प्रत्येक जोडाने इतकी वर्षं ओलावा सोसलेला असतो. म्हणून आधी लक्षण, मग फ्यूज, मग ब्लोअर चालू असताना व्होल्टेज, आणि मोटरीला हात अगदी शेवटी.

एक गोष्ट आधीच बाजूला काढू. पंखा जोरात फिरतोय, हवा भरपूर येतेय, पण थंडगार येतेय, तर दोष ब्लोअरचा नाही. पाण्याचा व्हॉल्व्ह, त्याची केबल, हीटर कोअरमध्ये (हवा गरम करणाऱ्या छोट्या रेडिएटरमध्ये) साचलेला गाळ किंवा अडकलेली हवा, नाहीतर उघडाच राहिलेला थर्मोस्टॅट, यांच्याकडे बघावं लागेल. आणि फोक्सवॅगन बीटलसारख्या गाडीत गरम हवा मुळात इंजिन थंड करणाऱ्या पंख्याच्याच जोरावर आत येते. तिथे हा लेख फारसा कामाचा नाही.

सुरुवातीची तयारी

गाडी ६ व्होल्टची की १२ व्होल्टची, आणि बॉडीला बॅटरीचं कोणतं टोक जोडलंय, हे बॉनेट उघडून डोळ्यांनी बघा. पुस्तकावर विसंबू नका. १९६०च्या दशकापर्यंत अनेक ब्रिटिश गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह टोक बॉडीला असायचं. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६७मध्ये मार्क टू आल्यावर निगेटिव्ह अर्थची झाली. त्याआधीच्या कित्येक गाड्या मालकांनी नंतर स्वतःच उलटवून घेतल्या आहेत, त्यामुळे गाडीचं साल बघून खात्री होत नाही. पुढची सगळी मापं १२ व्होल्ट आणि निगेटिव्ह अर्थ धरून दिली आहेत. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत मीटरच्या लाल-काळ्या वायरी आपसात बदला, आकडे तेच राहतील.

वायरींचे रंग ओळखता आले तर निम्मा वेळ वाचतो. लुकास या कंपनीचं वायरिंग असलेल्या ब्रिटिश गाड्यांत पांढरी वायर इग्निशन स्विचमधून थेट येणारी, हिरवी म्हणजे तोच करंट फ्यूजमधून पुढे गेलेला, तपकिरी थेट बॅटरीची आणि काळी अर्थची. जर्मन गाड्यांत तपकिरी वायर अर्थची असते. एका पद्धतीची सवय असलेला माणूस दुसऱ्या पद्धतीच्या गाडीत नेमका इथे फसतो. जर्मन पद्धतीत टर्मिनलवर आकडेही असतात: ३० थेट बॅटरी, १५ इग्निशननंतर, ३१ अर्थ.

तपासणीसाठी इग्निशन चालू आणि इंजिन बंद अशा स्थितीत गाडी बराच वेळ ठेवावी लागते. कॉन्टॅक्ट पॉइंटच्या (ठिणगीसाठी डिस्ट्रिब्युटरमध्ये उघडमीट करणारे कॉन्टॅक्ट असलेल्या) गाडीत त्या वेळी पॉइंट मिटलेले असतील तर इग्निशन कॉइलमधून सतत करंट वाहतो आणि कॉइल तापून निकामी होऊ शकते. कॉइलला करंट देणारी वायर काढून तिचं टोक टेपने झाकून ठेवा. हे काम अर्ध्या मिनिटाचं आहे, पण विसरलात तर एका दोषाचे दोन होतात.

हत्यारं थोडीच लागतात: मल्टिमीटर, २१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब लावलेला टेस्ट लॅम्प, आणि मध्ये १० ते १५ अँपिअरचा फ्यूज असलेली अडीच चौरस मिलिमीटरची लांब जंपर वायर. एलईडीचा टेस्ट लॅम्प घेऊ नका. तो इतक्या थोड्या करंटवर पेटतो की सडलेली वायरसुद्धा त्याला चांगली वाटते. २१ वॅटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, त्यामुळे वायरीत दम आहे की नाही ते कळतं.

लक्षण काय सांगतं

इग्निशन चालू करून ब्लोअर एकेका वेगावर लावा आणि कान द्या.

काहीच आवाज नाही, कुठल्याच वेगावर नाही: फ्यूज, स्विचकडे येणारा सप्लाय, अर्थ किंवा मोटरीचे झिजलेले ब्रश. मोटरीवर हलकी टिचकी मारल्यावर फिरायला लागली तर ब्रशचाच दोष धरा.

फक्त सगळ्यात जास्त वेगावर चालतो, कमी वेगावर मेलेला: रेझिस्टर तुटलाय. या लक्षणात चूक क्वचितच होते, कारण पूर्ण वेगाचा करंट रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटरीला जातो. उलट कमी वेग चालतो आणि जास्त नाही, तर स्विचमधला तो कॉन्टॅक्ट, तिथून निघणारी वायर किंवा रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) असेल तर रिले बघा.

सगळ्या वेगांवर चालतो, पण मरगळलेला: कुठेतरी व्होल्टेज अडतंय किंवा बुश कोरडे पडून मोटर जड झालीय. इथे डायनॅमो असलेल्या गाडीबद्दल एक सांगायला हवं. इंजिन रिकामं संथ फिरत असताना डायनॅमो जवळजवळ काहीच चार्ज देत नाही, आणि हेडलाइट लावले की ब्लोअर मंदावतो. तो बिघाड नाही, त्या गाड्यांची चालच तशी.

किरकिर किंवा शिट्टीसारखा आवाज थंडीत सुरू होऊन थोड्या वेळाने थांबत असेल तर बुशमध्ये तेल नाही. खडखड होत असेल तर बहुधा वाळलेलं पान किंवा काडी पंख्यात पडलीय. दर फेऱ्याला एकदा घासल्याचा आवाज येत असेल तर पंखा शाफ्टवर सरकून डब्याला लागतोय, नाहीतर बुश इतका झिजलाय की शाफ्ट डुलतोय.

मोटर फिरल्याचा आवाज येतो पण हवा येत नाही: पंख्याचा मधला गाळा (शाफ्टवर बसणारा हब) तडकून तो शाफ्टवर नुसता घसरतोय, हवेची वाट बदलणारा फ्लॅप अडकलाय, किंवा विंडस्क्रीनखालची हवेची जाळी कचऱ्याने बुजलीय. चौथं कारणही आहे, मोटर उलटी फिरतेय, त्याबद्दल खाली.

फ्यूज: दिसायला चांगला, आतून मेलेला

काचेच्या फ्यूजची तार अखंड दिसते म्हणून तो चांगला, असं धरू नका. तार टोकाच्या धातूच्या टोपीत डाग देऊन (सोल्डर करून) बसवलेली असते आणि तो डाग सुटला तर बाहेरून काही दिसत नाही. फ्यूज जागेवर असताना, ब्लोअर चालू करून, त्याच्या दोन्ही टोकांना टेस्ट लॅम्प लावून बघा. दोन्हीकडे सारखाच उजेड पडला पाहिजे. मग लॅम्प फ्यूजच्या टोपीऐवजी तिला धरणाऱ्या क्लिपवर आणि क्लिपमागच्या थिंबलवर (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या तुकड्यावर) लावा. टोपीवर उजेड आणि क्लिपवर अंधुक, तर दोष गंजलेल्या क्लिपचा.

जुन्या युरोपीय गाड्यांत दोन्हीकडे निमुळते, सिरॅमिकचे फ्यूज असतात. त्यात पांढरा ८, लाल १६ आणि निळा २५ अँपिअरचा. त्यांची टोकं क्लिपमध्ये नुसती दाबून धरलेली असतात. वर्षानुवर्षं न हललेला फ्यूज बोटाने जागच्या जागी फिरवला की कधी कधी ब्लोअर लगेच चालू होतो. त्यावर समाधान मानू नका. फ्यूज काढा, क्लिपची टोकं बारीक पॉलिशपेपरने चमकवा, क्लिप थोडी आत दाबून ताण वाढवा आणि नवा फ्यूज बसवा.

बदली फ्यूज घेताना एक जुनी गफलत टाळा. लुकासच्या काचेच्या फ्यूजवर छापलेला ३५ अँपिअर हा तो उडण्याचा आकडा आहे. सतत वाहून नेण्याची त्याची क्षमता साधारण १७ अँपिअर. इतर अनेक उत्पादकांच्या फ्यूजवर सतत चालणाऱ्या करंटचा आकडा छापतात. त्यांचा ३५चा फ्यूज लुकासच्या जागी लावला, तर संरक्षण जवळपास निम्मं होतं आणि शॉर्ट झाल्यास फ्यूजच्या आधी वायर जळते.

खरी तपासणी: ब्लोअर चालू ठेवून व्होल्टेज मोजा

नवशिके सर्वात जास्त इथेच चकतात. मोटरीचं सॉकेट काढतात, मोकळ्या वायरीवर मीटर लावतात, १२ व्होल्ट दिसतात, आणि निष्कर्ष निघतो की सप्लाय ठीक आहे, मोटर गेली. पण मीटर करंट जवळजवळ ओढतच नाही. वायरीच्या चाळीस तारांपैकी एकच शिल्लक असली तरी तो १२ व्होल्टच दाखवेल. मोटर जोडून तिने चार-पाच अँपिअर मागितले की ते व्होल्टेज कोसळतं. म्हणून सॉकेट काढायचं नाही. ते जोडलेलंच ठेवून, मागच्या बाजूने मीटरची टोकं आत सरकवायची. ब्लोअर पूर्ण वेगावर, इग्निशन चालू.

चार मापं घ्या आणि कागदावर लिहा.

१. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये. पूर्ण चार्ज असलेली, थोडा वेळ स्वस्थ ठेवलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असते. लोडवर थोडी खाली येईल. १२च्या खूप खाली असेल तर आधी चार्ज करा.

२. मोटरीच्या दोन टर्मिनलमध्ये.

३. बॅटरीचा पॉझिटिव्ह आणि मोटरीचं सप्लायचं टर्मिनल यांच्यामध्ये. ही सप्लायच्या बाजूची घट. अर्ध्या व्होल्टपर्यंत उत्तम, एक व्होल्टपर्यंत चालवून घेता येते.

४. मोटरीचं अर्थचं टर्मिनल आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यामध्ये. ही अर्थची घट, ०.२ व्होल्टच्या आत हवी.

दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या मापाची बेरीज पहिल्या मापाइतकी आली पाहिजे. आली नाही तर कुठेतरी मीटरचं टोक नीट टेकलेलं नाही. समजा बॅटरीवर १२.४, मोटरीवर ९.१, सप्लायची घट ३.०, अर्थची ०.३. मोटर मरगळलेली का, याचं उत्तर तिसऱ्या आकड्यात आहे. मोटर ५ अँपिअर ओढत असेल तर त्या तीन व्होल्टची १५ वॅट उष्णता त्या वाटेवर, बहुधा एकाच खराब जोडात, निघतेय. म्हणूनच असे जोड हाताला गरम लागतात आणि त्यांचं प्लास्टिक तपकिरी पडलेलं दिसतं.

मोटर अजिबात फिरत नसेल तरी हीच चार मापं बोलतात. मोटरीवर पुरे १२ व्होल्ट आणि ती गप्प: दोष मोटरीतच. मोटरीवर शून्य आणि सप्लायची घट १२: सप्लायची वाट तुटलीय. मोटरीवर शून्य आणि अर्थची घट १२: अर्थ तुटलीय. या शेवटच्या प्रकारात मोटरीच्या दोन्ही टर्मिनलवर बॉडीच्या तुलनेत १२ व्होल्ट दिसतात आणि नवखा माणूस गोंधळतो.

सप्लायच्या बाजूला दोष निघाला तर लाल टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर कायम ठेवा आणि काळं टोक मोटरीपासून एकेक टप्पा मागे न्या: स्विचमधून बाहेर येणारी वायर, स्विचमध्ये जाणारी वायर, फ्यूजची दूरची बाजू, फ्यूजची जवळची बाजू. ज्या दोन टप्प्यांच्या मध्ये आकडा एकदम घसरतो, दोष त्या दोघांच्या मध्ये आहे. यात अंदाजाला जागाच नाही, आणि डॅशबोर्डखाली उताणं पडून वायरी उपसत बसण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

काही गाड्यांत स्विच आणि रेझिस्टर अर्थच्या बाजूला असतात: मोटरीला फ्यूजमधून करंट कायम मिळतो आणि स्विच तिला अर्थ देतो. तिथे तुमची ‘अर्थची घट’ म्हणजे स्विच, रेझिस्टर आणि खरी अर्थ तिघांची मिळून असते. टप्प्याटप्प्याने मागे जायची रीत तीच, फक्त काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून लाल फिरवायचं.

मोजमापावर भरवसा बसत नसेल तर मोटरीला थेट जोडून बघा. सॉकेट काढा, फ्यूजवाली जंपर वायर आधी बॅटरीच्या टोकाला आणि शेवटी मोटरीला लावा. शेवटचा जोड बॅटरीवर करायचा नाही, कारण तिथे ठिणगी पडते आणि चार्ज झालेल्या बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. मोटरीची अर्थही दुसऱ्या वायरीने थेट बॅटरीला द्या. अशी जोडल्यावर मोटर दणक्यात फिरली, तर तिला खोलायचं कारण उरलं नाही.

अर्थ, स्विच, रेझिस्टर

अर्थ बहुधा हीटरच्या डब्याच्या स्क्रूखाली किंवा फायरवॉलवर (इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्यावर) असते. गाडी नव्याने रंगवलेली असेल तर आधी तिथे बघा. सुंदर रंगाच्या थरावर आवळलेली थिंबल म्हणजे अर्थ नाहीच. रंग पत्र्यापर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा.

स्विचमध्ये तांब्या-पितळेचे कॉन्टॅक्ट काळे पडतात. शक्य असेल तर स्विच खोलून बारीक पॉलिशपेपरने साफ करा. रिव्हेट मारलेला असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर फवारून पंचवीस-तीस वेळा चालू-बंद करा. स्विचच्या दोन टर्मिनलमधली घट चालू ब्लोअरवर ०.२ व्होल्टच्या वर राहिली तर तो बदलायचा. मूळ स्विच मिळत नसेल किंवा सतत तापत असेल तर पूर्ण वेगाच्या वाटेवर रिले घाला: ३० ला बॅटरीकडून फ्यूजमधून येणारी जाड वायर, ८७ मोटरीला, ८६ ला स्विचमधून आलेली जुनी वायर, ८५ अर्थ. मग स्विचमधून फक्त रिलेच्या कॉइलपुरता किरकोळ करंट जातो. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीत आतल्या डायोडचा रिले वापरू नका, किंवा ८५-८६ ची दिशा बघून लावा.

रेझिस्टर म्हणजे निक्रोम तारेचं वेटोळं. ते मुद्दाम हवेच्या मार्गात बसवलेलं असतं, कारण ते तापतं आणि ब्लोअरचीच हवा त्याला थंड ठेवते. पंखा अडकलेला असताना कमी वेग लावून ठेवला की वेटोळं जळतं. म्हणून तुटलेला रेझिस्टर नुसता बदलून थांबू नका, मोटर हाताने मोकळी फिरते का ते बघा. ओहम मोजताना आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करा; इथे आपण एक-दोन ओहमच्या गोष्टी करतोय, वायरींचे ०.३ ओहमसुद्धा फसवतात. तुटलेल्या तारेला डाग देऊ नका. ती इतकी तापते की डाग वितळतो. नव्या रेझिस्टरचं टेबलावर बारा व्होल्ट देऊन ‘ट्रायल’ घेऊ नका, तेही याच कारणाने.

फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल

मोठा फ्यूज घालणं हा उपाय नाही. मोटरीचं सॉकेट काढा आणि फ्यूजच्या जागी २१ वॅटचा बल्ब लावा. त्याच फ्यूजवर वायपर किंवा आणखी काही असेल तर तेही बंद ठेवा. बल्ब लखलखीत पेटला तर वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. हार्नेस (वायरींचा जुडगा) थोडा थोडा हलवत जा. जिथे हलवल्यावर बल्ब विझतो तिथे शोधा. फायरवॉलच्या भोकातला रबरी ग्रोमेट आणि हीटरच्या केबलींचा घासणारा भाग, आधी या दोन जागा बघा. बल्ब पेटलाच नाही तर वायरिंग सुटलं. मोटर जाम आहे किंवा आतून शॉर्ट.

मोटर बाहेर काढताना

बऱ्याच गाड्यांत कूलंट न काढता मोटर निघते. एमजीबीत ती बॉनेटखाली हीटरच्या डब्यावर तीन स्क्रूंनी बसवलेली असते, सबंध डबा उतरवावा लागत नाही. आपल्या गाडीत कसं आहे हे आधी नीट बघा, कारण डबा काढायचा झाला तर काम अर्ध्या तासाचं राहत नाही. पाण्याचे पाइप सोडवावेच लागले तर इंजिन पूर्ण गार झाल्यावर सोडवा. चिकटलेला रबरी पाइप पिळून ओढू नका. कोअरची नळी पातळ पितळेची असते आणि डागावरून फुटते. पाइप लांबीत चिरा, तो तसाही बदलायच्या वयाचा असतो.

बॅटरी सोडवा. प्रत्येक वायरीला खुणेची चिठ्ठी लावा. डब्याच्या आत जुनं फेल्ट किंवा पांढरट तंतूंचं अस्तर दिसलं तर ते कॉम्प्रेसरने उडवू नका आणि ब्रशने झाडू नका. त्या काळात उष्णतारोधक म्हणून अ‍ॅस्बेस्टॉस वापरत असत. ओलं करून, मास्क लावून हाताळा.

पंखा शाफ्टवरून काढण्याआधी त्याच्या तळापासून मोटरीच्या अंगापर्यंतचं अंतर मोजून ठेवा. बसवताना पाच मिलिमीटर चुकलं तरी तो डब्याला घासेल. जुनं प्लास्टिक काचेसारखं ठिसूळ असतं. पेचकस घालून उचकटण्यापेक्षा मधल्या गाळ्याला हेअर ड्रायरने ऊब द्या आणि सरळ वर ओढा. पात्यांवर छोट्या धातूच्या क्लिपा दिसल्या तर त्या कचरा समजून काढू नका, तोल साधायला लावलेल्या असतात.

मोटरीच्या आत

खोलण्याआधी अंग आणि झाकण दोन्हींवर मिळून एक ओरखडा ओढा, म्हणजे परत जोडताना दिशा चुकणार नाही. शाफ्टवरचे फायबरचे आणि धातूचे वॉशर कोणत्या क्रमाने निघाले त्याचा फोटो घ्या. आत कायमचुंबक असतील तर मोटर आपटू नका, हातोडीने ठोकू नका, फेराइट तडकतं. लोखंडाचा कीस पडलेल्या टेबलावर तर मुळीच ठेवू नका.

ब्रश मूळ लांबीच्या एक तृतीयांशावर आले असतील, किंवा स्प्रिंग त्यांना कम्युटेटरवर (आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोलावर) नीट दाबत नसेल, तर बदला. लांबी पुरेशी असूनही मोटर अडखळत असेल तर ब्रश खाचेत अडकलाय का ते बघा. कार्बनची भुकटी आणि तेल मिळून तिथे चिकट राब तयार होते. नवे ब्रश नेमक्या मापाचे मिळाले नाहीत तर थोडे मोठे घेऊन काचेवर ठेवलेल्या पॉलिशपेपरवर घासून बसवता येतात. ब्रशची जात मात्र बघा. ड्रिल मशीनचे कार्बन घरगुती विजेच्या उच्च व्होल्टेजसाठी असतात, त्यांचा रोध जास्त असतो. ते १२ व्होल्टच्या मोटरीत घातले तर मोटर फिरेल, पण दम नसेल. इथे तांबं मिसळलेले, रंगाला किंचित तांबूस दिसणारे ब्रश हवेत. ब्रशच्या जाळीदार वायरीला डाग देताना ती ब्रशजवळ पक्कडीने धरा. नाहीतर डाग वायरीत वर चढतो, ती ताठ होते आणि ब्रश मोकळा सरकत नाही.

कम्युटेटर काळा असेल तर ६०० नंबरच्या पॉलिशपेपरची पट्टी भोवती गुंडाळून आर्मेचर फिरवत घासा. एमरी वापरू नका. तिचे कण खाचांत आणि ब्रशमध्ये रुतून कम्युटेटर पुढेही झिजवत राहतात. मग पट्ट्यांमधल्या खाचा टोकदार लाकडी काडीने साफ करा आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. आता मीटर. शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधला रोध सगळीकडे सारखा यायला हवा. एका जोडीचा एकदम वेगळा आला तर ते वाइंडिंग तुटलंय किंवा शॉर्ट झालंय. कोणतीही पट्टी आणि शाफ्ट यांच्यात मात्र मीटर हललाच नाही पाहिजे. इथे जर आकडा दिसला तर रिवाइंडिंग किंवा दुसरी मोटर.

बुश सच्छिद्र ब्राँझचे असतात. धातूच्या बारीक छिद्रांत तेल मुरलेलं असतं आणि शाफ्ट फिरताना तेच बाहेर येऊन वंगण करतं. म्हणून ग्रीस भरायचं नाही; ते छिद्रांत शिरत नाही आणि थंडीत घट्ट होऊन मोटर जड करतं. गंज सोडवणारा पातळ स्प्रे त्याहून वाईट: दोन दिवस मोटर छान पळते, मग उरलंसुरलं तेलही धुऊन गेल्यामुळे पहिल्यापेक्षा जास्त किरकिरते. जुना चिकट थर काढा, बुशभोवती फेल्ट असेल तर ते एसएई २० किंवा ३० च्या साध्या तेलाने भिजवा, नसेल तर दोन-तीन थेंब पुरेत. जास्त ओतलं तर तेल कम्युटेटरवर उतरतं. नवे बुश बसवायचे असतील तर आदल्या रात्री तेलात बुडवून ठेवा. त्यांना आतून ड्रिल किंवा फाइल लावू नका, छिद्रं मिटून जातात.

शाफ्ट बोटाने आडवा हलवून बघा. जाणवण्याइतका डुलत असेल आणि आर्मेचरच्या अंगावर घासल्याचे चकचकीत पट्टे असतील, तर तेलाने भागणार नाही. खालचाच बुश गंजलेला निघाला तर मोटर दुरुस्त करून थांबू नका: हीटरच्या डब्याचं किंवा काउलचं (विंडस्क्रीनखालच्या पत्र्याच्या पोकळीचं) पाणी वाहून जायचं भोक पानांनी बुजलेलं असणार आणि पावसाचं पाणी मोटरीत साचत असणार.

जोडताना ब्रश मागे धरून ठेवायला पातळ तारेचे आकडे करा आणि आर्मेचर आत गेल्यावर ते काढा. चुंबकाच्या मोटरीत आर्मेचर झटक्यात ओढलं जातं, बोटं सांभाळा.

उलटी फिरणारी मोटर

कायमचुंबकाच्या मोटरीत वायरी उलट केल्या की ती उलटी फिरते. चुंबकाऐवजी फील्ड वाइंडिंग (करंटने चुंबक होणारं तारेचं वेटोळं) असेल तर तसं होत नाही, कारण आर्मेचर आणि फील्ड दोन्हींची दिशा एकदम बदलते. पॉझिटिव्ह अर्थची गाडी कुणीतरी निगेटिव्ह करून ठेवली आणि ब्लोअरच्या वायरी बदलायला विसरला, तर मोटर झकास फिरते, आवाजही ठीक, पण हवा मरतुकडी. पिंजऱ्यासारखा गोल पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच वाटेने थोडीफार ढकलतो, त्यामुळे शंकाच येत नाही. मोटरीच्या दोन्ही वायरी अंगापासून वेगळ्या असतील तर आपसात बदला. एक टोक अंगालाच जोडलेलं असेल तर ते आतून सोडवावं लागेल, किंवा मोटर बॉडीपासून इन्सुलेट करून बसवावी लागेल.

परत बसवण्याआधी

मोटर टेबलावर दहा मिनिटं चालवा आणि करंट मोजा. सुरू होतानाचा करंट चालू करंटच्या कितीतरी पट असतो आणि मीटरचा १० अँपिअरचा फ्यूज उडवू शकतो. म्हणून मीटरच्या दोन टोकांमध्ये एक वायर आडवी जोडून मोटर सुरू करा, वेग घेतला की ती वायर काढा. मोटर पंख्याशिवाय आणि पंख्यासह किती अँपिअर घेते ते लिहून ठेवा. पुढच्या वेळी तुलनेला तोच आकडा लागेल. दहा मिनिटांनी करंट वाढत चालला असेल तर बुश एका रेषेत बसलेले नाहीत. झाकणाचे स्क्रू सैल करून, मोटर फिरत असताना अंगावर लाकडी मुठीने हलके ठोका आणि स्क्रू आळीपाळीने आवळा. चुंबकाच्या मोटरीला मात्र ठोकू नका. झाकण हातानेच किंचित सरकवत बघा आणि करंट खाली आला की त्या जागी आवळा.

डबा उघडा आहे तोवर फ्लॅपच्या कडांचा फोम बघा. काळा भुगा होऊन हवेबरोबर बाहेर येत असेल तर बंद पेशींचा पाच-सहा मिलिमीटरचा फोम चिकटवा. मोटर आणि डबा यांच्यामधलं रबर किंवा गॅस्केट विसरू नका. ते नसलं की पंख्याची थरथर सबंध डॅशबोर्डभर वाजते. सगळं जोडून झाल्यावर इग्निशन कॉइलची काढलेली वायर परत लावा, आणि ती चार मापं पुन्हा एकदा घ्या.